अडसर, जागल्या आणि चार आकडे

धर्मापुरीचं नाव निघालं की आधी केदारेश्वराचं मंदिर आठवतं. उत्तर चालुक्यकाळातल्या या मंदिराची शिल्पं पाहायला अभ्यासक वाट वाकडी करून बीड जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या गावी येतात. गावात किल्लाही आहे. त्याच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही. पण मराठवाड्यातली माणसं रात्री घर कसं राखत आली, हे समजून घ्यायचं तर किल्ल्याच्या दरवाजापासूनच सुरुवात करावी लागते.

औसा, उदगीर, परांडा, नळदुर्ग हे सगळे याच मुलखातले किल्ले. अशा किल्ल्यांच्या दरवाजामागची रचना पाहावी. फळ्या जाड, बाहेरून खिळे ठोकलेले, एका फळीत वाकून जाण्यापुरती दिंडी. खरी ताकद मात्र आतल्या बाजूला, भिंतीतल्या खोबणीत. एका खोबणीत अख्खा अडसर मावायचा. रात्री तो ओढून समोरच्या भिंतीतल्या खाचेत सरकवला की दरवाजा बंद. या व्यवस्थेला किल्ली नाही, आणि ती बाहेरून लावताही येत नाही. आत माणूस असल्याशिवाय अडसर लागतच नाही.

गावोगावच्या गढ्यांनी आणि देशमुख-पाटलांच्या वाड्यांनी हीच रीत लहान मापात उचलली. देवडीत बसणारा माणूस, दिंडीला कडी-कोयंडा, आत अडसर. घराची खरी संपत्ती म्हणजे धान्य. ते बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात असायचं. साध्या घराला साखळी पुरायची, कारण घर सहसा रिकामं नसे. म्हातारं माणूस ओसरीवर, गडी गोठ्यात, पोरं माळवदावर झोपलेली.

घराबाहेरची रात्र जागल्याची. गावाची वेस लावायची, उघडायची, आल्यागेल्यावर नजर ठेवायची ती वेसकराने. चोरी झाली तर पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि तो पुढच्या गावाच्या हवाली करायचा. माग जिथे थांबे, त्या गावाने जबाब द्यायचा, प्रसंगी भरपाईही. पेशव्यांच्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली लिहिलेल्या अहवालात गावराखणीच्या या पद्धतीची नोंद आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, पण पाटील, कुलकर्णी, जागल्या ही गावगाड्याची माणसं दोन्हीकडची.

या व्यवस्थेचा गोडवा गाताना तिची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही. वेशीवर रात्र काढणारा बहुतेक ठिकाणी महार असे. गाव निर्धास्त झोपायचं ते त्याच्या जागरणावर, आणि त्याला मात्र वेशीच्या आत घर नव्हतं. मोबदला म्हणून तुटपुंजं वतन आणि दारोदार मागायचं बलुतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या जाचातून सुटका व्हावी म्हणून. दुसरीकडे, १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोकांच्या मनातून तो अजून पुसलेला नाही. आजही गावात घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालावर संशय जातो.

मुंबईत तोवर कुलपाचा कारखाना उभा राहून बरीच वर्षं लोटली होती. आर्देशर गोदरेज वकिली सोडून धंद्यात पडले. शस्त्रक्रियेची अवजारं बनवण्याचा पहिला प्रयत्न फसला, कारण मालावर हिंदुस्थानात बनल्याचा छाप मारायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. मग शहरातल्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचण्यात आली आणि १८९७ साली लालबागच्या एका शेडमध्ये कुलपं बनू लागली. १९०२ मध्ये पोलादी तिजोरी आली. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्याने बारा लाखांहून जास्त मतपेट्या घडवल्या, त्यांचं कुलूप आतच बसवलेलं होतं. देशी कुलपावर देशाने टाकलेला एवढा मोठा विश्वास दुसरा सांगता येणार नाही.

टाळं आलं आणि घर राखण्याची रीतच उलटली. अडसराला आत माणूस लागे, टाळ्यामुळे घर रिकामं ठेवून जाता येऊ लागलं. बीड जिल्ह्याला हे जेवढं लागू पडतं, तेवढं क्वचितच कुठे पडत असेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. वस्तीत ओळीने टाळी लागलेली घरं, एखाद्या दारात मागे राहिलेली आजी. सहा-सहा महिने त्या घरांची राखण करायला एक लोखंडी टाळं आणि शेजाऱ्याची नजर, एवढंच असतं.

मराठी मुलखात कुलूप आणि श्रद्धा यांची सगळ्यात विलक्षण गाठ पडली ती नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात. घरांना दारं-कुलपं लावायची नाहीत, राखणारा शनिदेव समर्थ आहे, ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली, तेव्हा पेच पडला. पैशांची शाखा कुलपाशिवाय कशी चालवायची? तोड निघाली ती काचेच्या दाराची आणि सहज डोळ्यांत न भरणाऱ्या, दुरून चालणाऱ्या विद्युतचुंबकी कुलपाची. गावाचा मान राहिला, दारही बंद झालं. २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणं मिळालं. महाराष्ट्रातल्या बिनतारी कुलपांचा इतिहास कोणी लिहिला, तर त्यात हे दार पहिल्या पानावर हवं.

आता लातूर, परळी, अंबाजोगाईच्या नव्या बंगल्यांत दाराशेजारी घरफोडीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची आकड्यांची छोटी पाटी दिसू लागली, तर तिची घडण समजून घेतलेली बरी. ही पाटी बॅटरीवर चालते आणि रेडिओलहरींनी घरातल्या मुख्य यंत्राशी बोलते. बसवताना दोघांची एकदा ओळख करून द्यावी लागते. त्या वेळी त्यांच्यात गुप्त किल्लीची देवघेव होते आणि पुढचं बोलणं सांकेतिक राहतं. चार आकड्यांच्या संकेताच्या दहा हजार शक्यता होतात. म्हणून चुकीचे आकडे पुन्हा पुन्हा दाबले तर काही काळ बंद पडणारी पाटी घ्यावी आणि जन्मसाल कधीच ठेवू नये. घरातल्या प्रत्येकाला वेगळा संकेत देता येतो. कामाला येणाऱ्या मावशींचं काम सुटलं तर तेवढा एकच बदलायचा.

परदेशातल्या मुलाने पाठवलेली पाटी इथे मुकी का राहते, त्याचंही कारण आहे. झेड-वेव्ह नावाच्या पद्धतीची उपकरणं अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, युरोपात ८६८ च्या, आणि भारतात ८६५.२ वर. भारताने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा केला, त्यातली ही जागा. तेव्हा वस्तू इथल्या पट्ट्याचीच घ्यायला हवी. जुन्या वाड्याच्या दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती लहरींना अडवतात, म्हणून मुख्य यंत्र दारापासून फार लांब ठेवू नये. आणि वीज जाते. पाटी बॅटरीवर जागी राहील, पण मुख्य यंत्र आणि इंटरनेटचा राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर तिची हाक घराबाहेर पोचणारच नाही.

कारण पाटीचं काम हाक मारण्याचं आहे. चोराला अडवायचं ते दाराने, आणि हाकेला धावून यायचं ते माणसाने. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने वतनी पाटलाच्या जागी नेमलेला पोलीस पाटील आणला, पण रात्रीची फेरी गावागावांतून हळूहळू उठून गेली. २०२४ च्या पावसाळ्यात बीडसह अनेक जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन दिसल्याच्या बातम्या पसरल्या, तेव्हा तरुणांनी काठ्या-बॅटऱ्या घेऊन पुन्हा गस्त घातली. भीती ओसरताच गस्तही थांबली. एका फोनवर सगळ्या गावाला एकदम आवाज देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा राज्यात अनेक गावांनी स्वीकारली आहे. तिच्यात वतन नाही, जात नाही, आणि हाक सगळ्यांना सारखीच जाते. हाकेला गावाने धावून जाणं, जुन्या व्यवस्थेतलं जपण्यासारखं ते हेच.

ज्यांना परवडते त्यांनी पाटी जरूर बसवावी, पण तिच्या यादीत पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या आधी शेजाऱ्याचा आणि पोलीस पाटलाचा नंबर घालावा. आणि ग्रामपंचायतींनी येत्या हंगामात टोळ्या निघण्याआधी टाळं लागणाऱ्या घरांची यादी करून त्या वस्त्यांवर गस्त लावावी. पाटीचा खर्च त्या घरांना झेपणारा नाही. त्यांची राखण गावानेच करायला हवी.