अंथरूण आणि पांघरूण

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहायला जायचं म्हणते आहे. "स्लीपिंग बॅग कुठली घेऊ ते सांग, तुम्ही जाऊन आलायत ना!" मला हसूच आलं. तीन वर्षांपूर्वी मी पण हाच प्रश्न दहा जणांना विचारला होता. उत्तर मिळालं ते तिथे गेल्यावर, पहाटे तीन वाजता. फोनवर सांगत बसले असते तर पाऊण तास गेला असता, म्हणून इथे लिहिते आहे. बाकीच्यांनाही उपयोग होईल.

तर तेव्हा आम्ही पाच जण निघालो होतो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या माणदेशातल्या. निघायच्या आदल्या रात्री त्या माळ्यावरून दोन घोंगड्या काढून दारात घेऊन उभ्या. मी म्हटलं, "आई, गाडीत जागा नाही हो. आणि त्याला वास पण येतो. आपण चांगल्या स्लीपिंग बॅगा घेतल्यात, हवेच्या गाद्या आहेत." त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, थंडी खालनं येती." आणि घोंगड्या परत माळ्यावर गेल्या.

भंडारदऱ्याचं धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. त्याच्या जलाशयाच्या काठावर आमचा तंबू होता. संध्याकाळ फार सुंदर गेली. शेकोटी, चुलीवरचं पिठलं, मुलांची भुतांच्या गोष्टींची फर्माईश... सगळं यथासांग झालं. अकराच्या सुमारास झोपलो. पहाटे कधीतरी धाकटीच्या हुंदक्यांनी जाग आली. सहा वर्षांची पोर, बॅगेत गळ्यापर्यंत गुंडाळलेली, आणि दात वाजतायत! हात लावून पाहिला तर पाय बर्फासारखे. नवऱ्याने आपलं जाकीट तिच्यावर घातलं, मी माझी शाल घातली, थोरल्याची बॅग उघडून वरून टाकली. काही केल्या थरथर थांबेना. पाठीखाली हात घातला तर गादी नुसती गार दगड. खरं सांगते, त्या क्षणी मी घाबरले. सगळ्यात जवळचा डॉक्टर किती लांब आहे, घाटातून गाडी रात्री कशी काढायची, हे सगळं डोक्यात यायला लागलं.

आई काही बोलल्या नाहीत. "मी म्हटलं नव्हतं का" हे वाक्य त्यांना म्हणता आलं असतं, पण नाही म्हणाल्या. टॉर्च घेतला आणि शेकोटीपाशी झोपलेल्या तिथल्या गड्याला उठवलं. भाताची झोडणी नुकती झालेली होती. तो दहा मिनिटांत पेंढ्याचे चार भारे घेऊन आला. हवेच्या गाद्या बाहेर फेकल्या, तंबूत वीतभर जाड पेंढा पसरला, त्यावर चादर. पोरीला माझ्या आणि आईंच्या मधे घेतलं, वरून बॅगा उघडून पांघरल्या. अर्ध्या तासात तिचे पाय कोमट झाले आणि ती घोरायला लागली. मी मात्र सकाळपर्यंत जागीच होते.

घरी आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. असं का झालं? आणि लोक पूर्वी काय करत होते? वाचत गेले तसतशी एक गोष्ट लक्षात आली, की झोपण्याचा इतिहास पांघरुणापासून सुरू होतच नाही. तो अंथरुणापासून सुरू होतो.

दक्षिण आफ्रिकेत बॉर्डर केव्ह नावाची गुहा आहे. तिथे सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीचं गवताचं अंथरूण सापडलं. २०२० साली त्याविषयीचं संशोधन प्रसिद्ध झालं. गवताखाली राखेचा थर होता. राखेत किडेमुंग्या सहसा फिरकत नाहीत, म्हणून तो मुद्दाम घातला असावा असा अंदाज आहे. त्याच देशात सिबुडू इथे ७७ हजार वर्षांपूर्वीचं अंथरूण मिळालं. लव्हाळ्यासारख्या गवतावर एका झाडाची डास-किडे पळवणारी पानं पसरलेली. म्हणजे माणूस शेती करायला, भांडी घडवायला शिकला त्याच्या कितीतरी आधी त्याला एक गोष्ट कळली होती, की रात्री जमिनीला पाठ थेट लावायची नाही. आमच्या तंबूत त्या पहाटे जे झालं ते काही नवीन नव्हतं. दोन लाख वर्षांचा जुना उपाय होता, फक्त मी तो विसरले होते.

यातलं शास्त्र तसं साधं आहे. कुठलंच पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या अंगाची. पांघरूण फक्त हवा अडकवून ठेवतं आणि ती अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. पण आपण ज्या बाजूवर झोपतो त्या बाजूचा कापूस किंवा पीस आपल्याच वजनाने चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि स्लीपिंग बॅगेची खालची बाजू जवळजवळ निकामी होते. मग जमीन सरळ अंगातली ऊब ओढून घेते. हवेची गादी तर आणखी फसवी. तिच्यात हवा असते, पण ती मोकळी असते. आत फिरत राहते, वरची ऊब खाली नेऊन जमिनीला देत राहते. पेंढ्यात काडी-काडीमधे हवा अडकून राहते, म्हणून तो उबदार.

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी घ्या. एक गोधडी. माणदेशात वाकळही म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक रचून धावदोरा घालायचा. कापडाच्या थराथरामधे हवा धरली जाते, ती गोधडीची ऊब. पण सुती कापड दव पितं आणि ओलं झालं की गार पडतं. घरात गोधडीसारखं सुख नाही, उघड्यावर मात्र ती पहाटे दगा देते.

दुसरी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. धनगराने ती कातरायची, घरी सूत काढायचं आणि सणगराने हातमागावर विणायचं. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते. ही घोंगडी खरं तर शहरी माणसाला टोचतेच. पण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, ऊबही सोडत नाही. कळपामागे हिंडणाऱ्या धनगराला पावसात खोळ, उन्हात सावली, रात्री अंथरूण आणि पांघरूण, सगळं एकाच वस्तूत हवं होतं. ते त्याला मिळालं. शिवाय याच लोकरीचं जेन करतात. ते विणत नाहीत, लोकर भिजवून, दाबून जमवतात. त्याचं काम मुख्यतः अंथरायचंच.

आपल्याकडे एखादं काम रेंगाळलं की "भिजत घोंगडं पडलंय" म्हणतात. त्याचा अर्थ मला यावेळी कळला. लोकर एवढं पाणी पिते की एकदा चिंब झाली की वाळता वाळत नाही.

या भिजण्याची खरी किंमत कळते ती ध्रुवावर गेलेल्या लोकांच्या हकिकती वाचताना. आज आपण जिला स्लीपिंग बॅग म्हणतो तिचा एक पूर्वज वेल्समधल्या न्यूटाउनच्या प्राइस प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याचा. पोस्टाने माल विकणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी हा एक. १८७६ साली त्याने 'युक्लिसिया रग'चं पेटंट घेतलं. काय होतं ते? एक घडी घालून बंद करता येणारी लोकरीची घोंगडीच, डोक्याशी हवेची रबरी उशी शिवलेली! रशियन सैन्याने प्लेव्हनाच्या वेढ्यासाठी ती मागवली, पण डिसेंबर १८७७ मधे प्लेव्हना पडलं आणि उरलेली मागणी रद्द झाली. शिल्लक माल त्याला दुसरीकडे खपवावा लागला.

मग नान्सेन. १८८८ साली त्याने ग्रीनलंड पार केलं तेव्हा सहा जणांत रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या होत्या, एकेकीत तिघे. पुढे १८९५ मधे तो आणि योहान्सेन असे दोघेच उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले तेव्हाही दोघांत एकच पिशवी. परतताना फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांची झोपडी बांधून त्यांनी हिवाळा काढला. तिथे एकदा दोघांनी वेगवेगळं झोपून पाहिलं. थंडीने हाल झाले, पुन्हा एकाच पांघरुणात आले. गंमत म्हणजे इतके महिने एका पिशवीत झोपूनही ते एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होते म्हणे, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री 'तू'वर आले! आमच्या तंबूत पोरीला मधे घेऊन झोपलो त्याचं मोल मला हे वाचल्यावर कळलं.

सगळ्यात जिवाला लागली ती १९११ ची हकिकत. स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला दक्षिण ध्रुवाकडच्या भर हिवाळ्यात, चोवीस तासांच्या काळोखात निघाले. पाच आठवडे. उणे साठ अंशांपर्यंत पारा उतरलेला. रोज रात्री त्यांच्या श्वासाची आणि घामाची वाफ पिशवीत मुरायची आणि सकाळी गोठायची. पिशव्या दिवसेंदिवस जड होत गेल्या, लाकडासारख्या कडक झाल्या. रात्री आत शिरायचं तर आधी अंगाच्या उबेने ती इंच इंच वितळवायची. तीन अंडी घेऊन तिघेही परत आले. पण विल्सन आणि बॉवर्स पुढच्याच मार्चमधे स्कॉटबरोबर गेले. मागे राहिलेल्या चेरी-गॅरार्डने हे सगळं लिहून ठेवलं. म्हणजे भिजत घोंगडं ही नुसती म्हण नाही, जिवाशी गाठ आहे.

आता धाकटे, तुझ्या प्रश्नाकडे येते.

पैसे आधी अंथरुणाला घाल, मग पांघरुणाला. फोमची मॅट प्रत्येकाला एक, जमलं तर दोन एकावर एक. हवेची गादी घ्यायचीच तर आत अस्तर असलेली. मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, तो जितका मोठा तितकी ती उबदार. बॅगेवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातला 'कम्फर्ट'चा आकडा बघ, 'एक्स्ट्रीम'चा बघूच नकोस. तो जेमतेम जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नाही. युरोपात २००२ साली यासाठी मानक ठरलं. तापवलेला, सेन्सर लावलेला पुतळा बॅगेत झोपवून हे आकडे काढतात. आणि ऐक, त्या पुतळ्याखालीसुद्धा मॅट घातलेली असते! अंथरुणाशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही. शिवाय हे आकडे मोठ्या माणसांचे. मुलांना जास्त पांघरूण लागतं, आणि बॅग त्यांच्या मापाची हवी. मोठी असेल तर पायाकडचा भाग दुमडून बांधून टाक, नाहीतर रिकामी जागा तापवण्यातच त्यांची ऊब जाते.

पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण ओली झाली की गेली. तळ्याकाठी दव पडतं, तिथे साधी कृत्रिम तंतूची बॅग बरी. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, कोरडे ठेव. तोंड बॅगेत घालून झोपू देऊ नकोस, श्वासाची वाफ आत मुरते. सकाळी उठल्या उठल्या बॅगा उलट्या करून उन्हात टाक. पायाशी गरम पाण्याची पिशवी चालेल. पण कितीही थंडी वाजली तरी तंबूत शेगडी किंवा निखारे नेऊ नकोस. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं जातात.

आणि एक घोंगडी घेऊन जा. मॅटवर अंथर. नसेल तर माझी नेलीस तरी चालेल. दख्खनी लोकरीला हल्ली भाव नाही, कातरायचा खर्चही निघत नाही म्हणून धनगर ती टाकून देतात असं वाचते तेव्हा वाईट वाटतं. आमच्या माळ्यावरच्या दोन तरी आता माळ्यावर नसतात. सामान भरताना सगळ्यात आधी त्या गाडीत जातात. वास येतो अजून, पण धाकटीला आता त्याशिवाय सहलीला गेल्यासारखं वाटत नाही.

आई आता गुडघ्यांमुळे तंबूत येत नाहीत. त्या रात्रीबद्दल त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही आणि मीही नाही. गेली तीन वर्षं हे घोंगडं भिजतच पडलंय. धाकटे भाऊजी त्यांना माझा ब्लॉग वाचून दाखवतात हे मला माहीत आहे. तर भाऊजी, एवढी पुढची ओळ जरा मोठ्याने वाचा.

आई, तुमचंच बरोबर होतं. थंडी खालूनच येते.