जैहून-सैहूनचा आटलेला समुद्र

जुन्या अरबी-फारसी ग्रंथांत ‘जैहून’ आणि ‘सैहून’ या नद्या वारंवार भेटतात. आजच्या आमू दर्या आणि सिर दर्या त्या याच. बुखारा आणि समरकंद ही विद्येची शहरे या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात वसली. दोन्ही नद्या अरल समुद्राला मिळत. १९६० साली अरल हे जगातले चौथ्या क्रमांकाचे मोठे सरोवर होते.

सोव्हिएत सरकारला कापूस हवा होता. त्यासाठी नद्यांचे पाणी कालव्यांतून शेतांकडे वळवले गेले. समुद्र मागे हटत गेला. मुयनाक बंदरातल्या बोटी वाळूत रुतल्या, मासेमारी बुडाली.

गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. कापसावर फवारलेली कीटकनाशके वाहत येऊन समुद्राच्या तळाशी साठली होती. तळ उघडा पडल्यावर वारा ते विष आणि मीठ गावागावांत नेऊ लागला. काराकल्पाकस्तानात श्वसनाचे विकार, क्षयरोग आणि बायकांमधला रक्तक्षय यांनी घर केले. समुद्र तिथले हवामान सांभाळत होता. तो गेल्यावर उन्हाळे अधिक तापले, हिवाळे अधिक गारठले.

२००५ मध्ये कझाकस्तानात कोक-अरल धरण पूर्ण झाले. उत्तरेकडच्या छोट्या अरलमध्ये पाणी चढले, मासे परतले. दक्षिणेला मात्र पाणी हटतच राहिले. २०१४ मध्ये तिथला पूर्वेचा भाग पार कोरडा पडला.

कापसाचा हिशेब सरकारने मांडला होता. त्यात नदीचा वाटा नव्हता, काठावरच्या माणसाच्या श्वासाचाही नव्हता.