मुंबईच्या नावाचे रक्त

मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हा आसपासच्या संस्थानांतून व जिल्ह्यांतून रोगी शस्त्रक्रियेसाठी तेथे येऊ लागले. त्या काळच्या शल्यवैद्याजवळ भूल देण्याची औषधे होती, जंतुनाशके होती. परंतु रक्तस्रावाने खचत चाललेल्या रोग्यास दुसऱ्याचे रक्त निर्भयपणे देण्याची विद्या जगात कोणाजवळच नव्हती. असे रक्त दिले असता एखादा रोगी वाचे, एखादा तत्काळ दगावे. आणि यांत नियम कोणता, हे कोणास सांगता येत नसे. तो नियम कसा सापडला, आणि त्या नियमाचा एक अपवाद मुंबईत कसा उमगला, याची हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे. त्या अपवादाचा महाराष्ट्रातील घराण्यांशी विशेष संबंध आहे. म्हणून ती ऐकून सोडून द्यावी अशी नाही.

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःचे व आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन त्यांनी तांबड्या पेशी व रक्तजल वेगवेगळे केले, आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तजलात मिसळून पाहिल्या. काही मिश्रणे जशीच्या तशी राहिली. काहींत पेशींचे पुंजके बांधले गेले. त्यावरून त्यांनी रक्ताचे तीन गट ठरविले. चौथा, म्हणजे 'एबी', पुढील वर्षी सापडला. नियम असा निघाला की, पेशींवर 'ए' ही खूण असली तर रक्तजलात 'बी'चे विरोधी द्रव्य असते, आणि 'बी' असली तर 'ए'चे. दोन्ही खुणा असल्या तर विरोधी द्रव्य मुळीच नसते. आणि 'ओ' गटात एकही खूण नसल्यामुळे दोन्ही द्रव्ये असतात. 'ओ'च्या पेशींवर हल्ला करण्याजोगे काहीच नाही, म्हणून 'ओ' हा सर्वांचा दाता मानला गेला. या शोधाबद्दल लँडस्टायनर यांस १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास आनुवंशिकतेचे शास्त्रही जागे झाले होते. मेंडेल यांनी मठाच्या बागेतील वाटाण्यांवर केलेले प्रयोग १८६६ साली छापले गेले. पण त्यांचे महत्त्व जगास कळावयास १९०० साल उजाडावे लागले. पुढे १९१० साली फॉन डुंगेर्न व हिर्शफेल्ड यांनी रक्तगटही मेंडेलच्या नियमानुसार आईबापांकडून मुलांकडे उतरतात, हे दाखविले. पहिल्या महायुद्धात हिर्शफेल्ड पतिपत्नींनी सालोनिका येथे अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले, तेव्हा हिंदी सैनिकांत 'बी'चे प्रमाण युरोपीयांहून पुष्कळच अधिक आढळले. रक्ताचा थेंब हा अशा रीतीने घराण्याच्या इतिहासाचाही साक्षीदार ठरला.

आता मुंबईकडे वळू. येथे डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांच्यासमोर असे रक्त आले की, ते कोणत्याच कोष्टकात बसेना. त्याच्या पेशींवर ना 'ए' होता ना 'बी'. नेहमीच्या परीक्षेप्रमाणे त्यावर 'ओ' अशी चिठ्ठी लागावयास हवी होती. परंतु त्याचे रक्तजल खुद्द 'ओ' गटाच्याच पेशींचे पुंजके बांधू लागले! सर्वांचा दाता म्हणून नावाजलेले रक्तच त्याने नाकारले. नळी अस्वच्छ असेल, हात चुकला असेल, असे म्हणून हा प्रकार सोडून देणे सहज शक्य होते. या मंडळींनी तसे केले नाही. अशाच तऱ्हेच्या तीन व्यक्ती त्यांस मिळाल्या. लंडन येथील रेस व सँगर, तसेच मॉर्गन व वॉटकिन्स या संशोधकांचे साहाय्य घेण्यात आले, आणि १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सात जणांच्या नावांनी एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. रक्ताचा एक नवा प्रकार जगास ठाऊक झाला. त्यास पुढे 'बॉम्बे' हेच नाव पडले, आणि शहराचे नाव बदलले तरी रक्ताचे ते नाव आजही चालू आहे.

हे रक्त 'ओ'हून वेगळे कसे, हे समजण्यास मुलामा देणाऱ्या कारागिराचा दृष्टांत उपयोगी पडेल. लोखंडाच्या वस्तूवर चांदीचा मुलामा थेट दिला तर तो नीट धरत नाही. म्हणून कारागीर आधी तांब्याचा पातळ थर देतो, आणि त्यावर हवा तो मुलामा चढवितो. तांबड्या पेशींचेही काहीसे तसेच आहे. त्यांच्या पृष्ठभागावर प्रथम 'एच' नावाच्या द्रव्याचा थर तयार होतो. त्यावर एक विशिष्ट शर्करा जोडली गेली की 'ए', दुसरी जोडली गेली की 'बी'. 'ओ' गटात वरचा मुलामा नसतो. परंतु खालचा थर पूर्ण असतो. बॉम्बे रक्तात तो खालचा थरच नसतो. त्यामुळे 'एच' हे द्रव्य त्या शरीरास परके वाटते, आणि ज्या ज्या पेशींवर ते दिसेल त्यांवर ते रक्तजल तुटून पडते. 'ओ'वर तर ते सर्वांत अधिक असते.

या दृष्टांताची सत्यता १९५५ साली अमेरिकेत पटली. फिलिप लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचे रक्त तपासले. आई बाह्य परीक्षेत 'ओ'सारखी दिसत होती. तरीही तिच्याकडून अपत्याकडे 'बी' गेला होता. म्हणजे 'बी' चढविणारा कारागीर आईच्या ठायी होता. ज्यावर तो चढवावयाचा, तो थर मात्र नव्हता. विचार करा, श्रोतेहो! या ज्ञानावाचून केवळ चिठ्ठी पाहून निवाडा करणाऱ्याने एखाद्या निरपराध स्त्रीवर केवढा संशय घेतला असता! पुढे १९९० साली 'एच'चा थर घडविणारे जनुक ओळखले गेले. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, तर 'ए' व 'बी' यांचे जनुक नवव्यावर. भारतातील बॉम्बे रक्ताच्या लोकांत बहुधा या जनुकातील ७२५व्या जागी एकच अक्षर बदललेले आढळते. एका अक्षराने सारा थर नाहीसा होतो.

हे रक्त भारतात स्थूलमानाने दहा हजारांत एकाचे असते. युरोपात दहा लाखांत एखाद्याचे. एका पाहणीत नोंदलेल्या १७९ व्यक्तींपैकी ११२ महाराष्ट्रातील होत्या. बदललेले जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले तरच हे रक्त संभवते. एकाकडूनच आले तर माणूस केवळ वाहक राहतो. दहा हजारांत एक हे प्रमाण धरले, तर गणिताने पन्नासांत सुमारे एक वाहक निघतो. वाहकाने परक्या घरी सोयरीक केली, तर जोडीदारही वाहक असण्याचा संभव पन्नासांत एक. सख्ख्या मामाच्या मुलीशी केली, तर तो आठांत एक होतो. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. तिला नावे ठेवण्याचे हे स्थळ नव्हे. हिशेब मात्र असा आहे.

या रक्ताची माणसे पूर्णपणे निरोगी असतात, आणि आपले रक्त निराळे आहे याची त्यांस बहुधा कल्पनाही नसते. संकट येते ते अपघातात, बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत. केवळ पेशी तपासल्या तर चिठ्ठीवर 'ओ' येतो, आणि 'ओ' रक्त दिले तर प्राणावर बेतते. रक्षण करणाऱ्या दोन परीक्षा आहेत. एक, रोग्याचे रक्तजल 'ओ'च्या पेशींशी ताडून पाहणे. दुसरी, द्यावयाचे रक्त रोग्याच्या रक्तजलाशी प्रत्यक्ष जुळवून पाहणे. नातेवाईक घाईस येतात, 'चिठ्ठीवर गट लिहिलेला आहे, मग उशीर कशासाठी?' असे विचारतात. तो उशीर यासाठी असतो. मुंबईच्या त्या डॉक्टरांनी ज्या विसंगतीकडे डोळेझाक केली नाही, तीच पकडण्यासाठी रक्तपेढीतील माणूस त्या वेळी नळीकडे पाहत उभा असतो.

आणखी एक गोष्ट गृहस्थांनी ध्यानात ठेवावी. अशा माणसास केवळ त्याच्याच प्रकारचे रक्त चालते, आणि ते मिळण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे त्याची सख्खी भावंडे. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक भावंडाचे रक्त तसेच असण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून घरात एकाचे रक्त असे निघाले, तर बाकीच्या भावंडांनी आपले रक्त तपासून घ्यावे, नोंद घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी, आणि रक्तपेढीस आपले नाव कळवावे. मध्यरात्री रुग्णालयाच्या दारात दाता शोधीत फिरण्यापेक्षा, तो आपल्याच ओसरीवर आहे की नाही हे आधी ठाऊक असलेले बरे.