थाळगान

पालघर, नाशिक आणि डांग पट्ट्यातील आदिवासी समाजांत, विशेषतः कोकणा समाजात, थाळीच्या नादावर होणारे कथागायन. मृत्यूनंतरच्या दिवसकार्याशी त्याचे घट्ट नाते आहे. डहाणू-तलासरीत वस्ती प्रामुख्याने वारल्यांची. त्यांच्याकडे दिवसकार्याचा विधी ‘दिस’ म्हणून ओळखला जातो आणि तो चालवणाऱ्याला कामडी म्हणतात.

वाद्य अगदी साधे. धातूच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात. वादक तिच्यावरून बोटे वरून खाली ओढत राहतो. काडीचा कंप थाळीत उतरतो आणि अखंड गुंजारव उठतो. त्या सुरावर कथेकरी कथा गातो, सांगतो, मध्येच पुन्हा गाण्यावर येतो. साथीदार हुंकार देतो. कथांमध्ये धान्याची देवी कणसरी असते, रामायणातील पात्रेही असतात. डाह्याभाई वाढू यांनी संकलित केलेली कुंकणा (म्हणजे कोकणा) रामकथा याच मौखिक परंपरेतील आहे.

थाळगानाचा खरा मोठेपणा त्याच्या सोबतीत आहे. शोकाच्या घरी सगेसोयरे आणि शेजारी रात्रभर बसतात, आणि कथा रंगली की दुःखाच्या बैठकीतही हसू फुटते. ते कोणाला गैर वाटत नाही. गेलेल्याला गात निरोप देण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही: वारकऱ्याची अंत्ययात्राही टाळ-मृदंगाच्या गजरात, भजन म्हणत निघते. थाळगानात मात्र निरोपाचे काम कथा करते, आणि ती सृष्टीच्या आरंभापर्यंत मागे जाऊ शकते.