मेणावरची रेषा : व्हिक्टर ब्राउनर यांचे मरणोत्तर प्रदर्शन

१९६६ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये फ्रान्सतर्फे व्हिक्टर ब्राउनर यांच्या चित्रांना एक संपूर्ण दालन देण्यात आले. हा सन्मान पाहावयास चित्रकार मात्र हयात नव्हता. दीर्घ आजारानंतर त्याच वर्षी १२ मार्च रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले होते. मरणोत्तर प्रदर्शनाचा एक धोका असतो. आयुष्य संपलेले असल्याने त्यातील आकस्मिक घटनांनाही नियतीची कळा येते आणि समीक्षक चित्रांऐवजी भाकिते वाचू लागतो.

ब्राउनर यांच्या बाबतीत हा मोह विशेष प्रबळ आहे. १९०३ साली रुमानियात जन्मलेल्या या चित्रकाराने १९३१ मध्ये एक डोळा फुटलेले आत्मचित्र रंगविले, आणि १९३८ मध्ये मित्रांच्या भांडणात ओस्कार दोमिंगेझने भिरकावलेला काचेचा पेला लागून त्यांचा एक डोळा खरोखरच गेला. पुढच्याच वर्षी पिएर माबिय यांनी 'मिनोतोर' नियतकालिकात या योगायोगाची मीमांसा केली. तेव्हापासून ब्राउनर 'द्रष्टा' ठरले ते कायमचे.

त्यांच्या कलेचा इतिहास मात्र डोळ्याइतकाच मेणाचाही आहे. जर्मन आक्रमणानंतर ज्यू असलेल्या ब्राउनर यांनी मार्सेय गाठले. अमेरिकेला जाणे त्यांना साधले नाही आणि युद्धाची उरलेली वर्षे आल्प्समधील एका खेड्यात लपून काढावी लागली. रंगसाहित्य दुर्मीळ झाले, तेव्हा त्यांनी मेणबत्ती आणि मेण हाती घेतले. वितळलेल्या मेणात रंगद्रव्य कालवून ते उष्णतेने पृष्ठभागावर मुरविण्याची 'एन्कॉस्टिक' ही रीत ग्रीकांना ठाऊक होती. रोमन अमलाखालील इजिप्तमध्ये फायूम येथील ममींवर बसविलेली मुखचित्रे पुष्कळदा याच रीतीने रंगविलेली आहेत. मेण निवताच घट्ट होते, म्हणून तेथे हाताला रेंगाळता येत नाही. ब्राउनर मेणाच्या थरावर रेषा कोरीत आणि त्या खाचेत गडद रंग भरीत. त्यामुळे त्यांची रेषा पृष्ठभागावर तरंगत नाही, ती त्यात रुतून बसते.

युद्ध संपले. ब्राउनर पॅरिसला परतले आणि एके काळी आंरी रूसोने वापरलेल्या चित्रशाळेत काम करू लागले. तैलरंग पुन्हा हाताशी आले, तरी त्यांनी मेण टाकले नाही. १९५१ चे 'आघाताची जाणीव' हे चित्र मेणातच आहे. व्हेनिसमधीलच पेगी गुगेनहाइम संग्रहात ते जतन केलेले आहे.

येथे नियतीचे स्पष्टीकरण अपुरे पडते. १९३८ चा अपघात ब्राउनर यांनी निवडला नव्हता, युद्धकाळातील टंचाईही नाही. टंचाई सरल्यावर मेण राखणे ही मात्र त्यांची स्वतःची निवड होती. सक्ती ओसरल्यानंतरही जे उरते, त्यालाच कलावंताची शैली म्हणता येते. १९७२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पॅरिसमध्ये त्यांची सिंहावलोकनी प्रदर्शने झाली. अशा दालनांत भविष्यवेत्ता शोधणाऱ्यास तो सापडेलच; पण मेणात रुतलेल्या रेषेपाशी जो थांबेल, त्याला तेथे एक निर्वासित माणूस दिसेल. जे मिळाले त्यातूनच आपली भाषा घडविणारा, आणि अधिक मिळाल्यावरही ती न सोडणारा.