काळी मोजली, पांढरी राहिली: गावातल्या घराच्या कागदाचा इतिहास

आजच्या एपिसोडमध्ये लढाई नाही, राजा नाही. आज एकच प्रश्न आहे: एखादं घर तुमचं आहे, हे नक्की कोण सांगतं? तुम्ही, शेजारी, ग्रामपंचायत की सरकार?

हा प्रश्न डोक्यात आला तो दोन घरांमुळे. माझा एक मित्र नेदरलँड्सला, आइंडहोवनला नोकरी करतो. त्याने तिथून जवळच न्यूनेन नावाच्या शांत गावात घर घेतलं. व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ राहिला, ते हे गाव. त्याच सुमारास आमच्या घरचे बोदवड तालुक्यातल्या एका गावात घर शोधत होते. घर आवडलं. सागाचे खांब, वर धाबं, पुढे ओटा. सगळं जमलं, आणि मग आम्ही कागद मागितला.

आधी मित्राचं ऐका. तिकडे घराचा सौदा लेखी झाला की विकत घेणाऱ्याला तीन दिवस विचार करायला मिळतात. त्या तीन दिवसांत तो कारण न देता माघार घेऊ शकतो. पुढचं काम नोटरीचं. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा नोटरी असतो, तसा हा नव्हे. हा कायद्याने नेमलेला जबाबदार माणूस असतो. विकणारा खरंच मालक आहे का, घरावर कर्ज किंवा जप्ती आहे का, हे तो तपासतो. पैसे आधी नोटरीच्या खात्यात जमा होतात. खरेदीखतावर सह्या झाल्या की ते खत ‘कादास्टर’ नावाच्या सरकारी भूमी नोंदणी कार्यालयात नोंदवलं जातं. तेव्हा कुठे मालक बदलतो.

मित्राने मला सहज एक गोष्ट दाखवली. त्याच्या गावाचा १८३२ सालचा नकाशा त्याने मोबाईलवर उघडला. प्रत्येक तुकड्याला नंबर. सोबतच्या नोंदवहीत तेव्हाच्या मालकाचं नाव, त्याचा धंदा, आणि त्या तुकड्यावर घर होतं की बाग होती की शेत, हेही लिहिलेलं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा डेटाबेस म्हणा ना.

आता आमचं घर. मालकाने दोन कागद काढले. एक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. दुसरं त्यांच्या आजोबांच्या वेळचं स्टॅम्पपेपरवरचं खत. त्यात घराची चतुःसीमा लिहिलेली: पूर्वेस बोळ, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस रस्ता. लांबी-रुंदी फुटांत नाही, खणांत. यातला ‘अमका’ वारून चाळीस वर्षं झाली. नकाशा कुठे आहे विचारलं, तर शेजारचे आजोबा हसून म्हणाले, “नकाशा कायले पाह्यजे भो, सर्‍या गावाले माहीत हाये!”

आजोबा खोटं बोलत नव्हते. आपल्या गावाची व्यवस्थाच तशी चालत आली. पण ती तशी का राहिली, इथून खरा इतिहास सुरू होतो.

मराठीत गावाचे दोन भाग सांगणारी जुनी जोडी आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन. पांढरी म्हणजे वस्ती, गावठाण. घरांच्या मातीचा तो रंग. ही जोडी लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. सरकारला हवा होता महसूल, आणि महसूल यायचा काळीतून. १८३५ च्या सुमारास इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली. पद्धत इंजिनिअरला आवडेल अशी होती. ३३ फुटांची साखळी घ्यायची, तिचे १६ आणे पाडायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. आजही आपण प्लॉटचा भाव गुंठ्यात बोलतो, ती ह्या साखळीची देणगी. शेताला नंबर द्यायचा, हद्दीला दगड रोवायचे, मातीची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा.

खानदेशाने ही मोजणी गुपचूप मान्य केली नाही बरं का. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा या पट्ट्यातले शेतकरी मोठ्या संख्येने जमले आणि त्यांनी मोजणी अडवली. मोजणी झाली की सारा वाढणार, ही भीती होती. शेवटी सरकारला सैन्य आणावं लागलं. पुढे मोजणी झालीच. सातबाऱ्यावरचे सर्व्हे नंबर तुमच्या घरात रोज बोलले जातात, त्यांचं मूळ या कामात आहे.

पण साखळी गावाच्या वेशीशी थांबली. गावठाणातल्या घराच्या जागेवर शेतसारा नव्हता, मग आत मोजायचं कशाला? गावाच्या जुन्या नकाशात बघा. शेतं नीट कापलेली, नंबर टाकलेले. मधे एक आकार आणि त्यावर शब्द ‘गावठाण’. आत शंभर घरं असोत की पाचशे, नकाशाला तो एकच ठिपका. पुढे शहरांचं आणि मोठ्या गावांचं नगर भूमापन झालं, पण लहान गावांतली पांढरी तशीच राहिली.

नेदरलँड्समध्ये उलटं का झालं? ते लोक आपल्यापेक्षा शिस्तीचे म्हणून? नाही. १८१० मध्ये नेपोलियनने तो देश फ्रान्सला जोडला आणि फ्रेंच पद्धतीची मोजणी सुरू केली. हेतू तिथेही करच होता. फरक एवढाच की तो कर शेतावर होता आणि घरावरही. म्हणून साखळी घराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. नेपोलियन गेला, मोजणी चालू राहिली आणि १८३२ मध्ये कादास्टर सुरू झालं.

म्हणजे बघा, दोन्हीकडे सरकारने स्वतःच्या तिजोरीसाठी मोजलं. तिकडे घर त्या मोजणीत आलं, इकडे सुटलं. सुटलं तेव्हा आपल्याला बरंच वाटलं असेल, कर वाचला! पण जे मोजलं जात नाही, त्याला नकाशा मिळत नाही. आणि नकाशा नसलेलं घर विकायला, वाटायला, तारण ठेवायला जड जातं.

“मग नमुना ८ कशाला आहे?” असं विचाराल. ती ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कुणी भरायची ते ती सांगते, मालक कोण ते पक्कं सांगत नाही. कोर्टांनी हे अनेकदा स्पष्ट केलंय. रजिस्टर खरेदीखताचंही तसंच. दुय्यम निबंधक कार्यालयात खताची नोंद होते. पण विकणाऱ्याचा हक्क खरा आहे याची हमी सरकार घेत नाही. तपास घेणाऱ्यानेच करायचा.

आता गोष्ट आजवर येते. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. मग २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी ५० हजारांहून जास्त गावांतल्या ६५ लाखांहून जास्त मालमत्ता पत्रकांचं वाटप झालं. पद्धत अशी: गावकरी आपापल्या हद्दीवर चुन्याची रेष मारतात, ड्रोन वरून फोटो घेतो, नकाशा तयार होतो. मग भूमी अभिलेख खात्याची माणसं गावात येऊन चौकशी करतात, हरकती ऐकतात आणि पत्रकावर नाव चढतं.

टेक्नॉलॉजी भारी आहे, प्रश्नच नाही. पण माझ्यातला इंजिनिअर इथेच थांबतो. ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखालचे वारस दिसत नाहीत. एक भाऊ गावात, दुसरा सुरतला, तिसरा पुण्यात, बहीण भुसावळला सासरी. चौकशीच्या दिवशी ओट्यावर कोण असतं? जो गावात राहतो तो. त्याच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. पण कागदावर एकच नाव गेलं, तर पुढच्या पिढीत तो कागद बाकीच्यांच्या विरोधात बोलतो. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाच्या कायद्याने २००५ मध्ये दिला. तरी सगळ्यात आधी सुटतं ते बहिणीचंच नाव.

आम्हालाही ते घर अजून घेता आलेलं नाही. विकणाऱ्यांचे सात वारस आहेत. सातही जणांची संमती आणि सह्या झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं बाबांनी ठरवलंय. मध्यस्थ म्हणतो, “एवढं कुणी बघत नाही.” बाबा म्हणतात, “म्हणून तर बघायचं.”

तर मंडळी, गावात घर घेणार असाल तर नमुना ८ वर थांबू नका. मालमत्ता पत्रक झालंय का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. मागची खरेदीखतं काढा, वारसांची यादी करा, टेप घेऊन जागा स्वतः मोजा. आणि घर घेणार नसाल तरी आज घरी एक फोन करा. आपल्या गावठाणाची मोजणी झाली का, चौकशी झाली का, आणि पत्रकावर कुणाकुणाची नावं आहेत, एवढंच विचारा. आत्या आणि ताईचं नाव आहे का, हेही विचारा. काळी मोजली तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. पांढरी मोजताना विचारतात. त्या दिवशी आपलं माणूस तिथे हवं.