गडद निळ्या पट्ट्याची कुळकथा

डिसेंबरचा पहिला आठवडा सरला की शाळा, बँका, तहसील कचेऱ्या आणि ग्रामपंचायतींमधून एक कागदी झेंडा हिंडू लागतो. दोन बोटांत मावेल एवढा. त्यावर तीन पट्टे असतात: लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. टाचणीने तो खिशावर लावायचा, जमेल तेवढी रक्कम द्यायची आणि पावती घ्यायची. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन गावोगाव पोचतो तो असा.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा. पण गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना, भीमा अशा त्याच्या साऱ्या नद्यांचे पाणी पूर्वेकडे, थेट बंगालच्या उपसागराला जाते. नगरकरांसाठी लष्कर म्हणजे रणगाडा. शहराला लागूनच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, यांत्रिकी पायदळाचे केंद्र आहे आणि 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. तरी पारनेर-श्रीगोंद्याकडचा मुलगा नौदलातही भरती होतो, ओडिशातल्या आयएनएस चिल्का तळावर पहिले धडे घेतो, अभियांत्रिकी शाखा मिळाली तर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर शिकतो आणि मग वर्षानुवर्षे गावाला दिसत नाही. त्याच्या घरची अडचणही गावाला सहसा दिसत नाही. झेंड्यावरचा मधला पट्टा त्या घरासाठी आहे, म्हणून त्याची हकिकत नीट सांगायला हवी.

दर्यावर्दी सैनिकांसाठी निधी उभारण्याची कल्पना फार जुनी आहे. स्पॅनिश आरमाराशी लढाई झाली त्या सुमारास, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडमध्ये ‘चॅटहॅम चेस्ट’ नावाचा निधी सुरू झाला. ड्रेक आणि हॉकिन्स हे नामांकित दर्यावर्दी त्याच्या मुळाशी होते. प्रत्येक खलाशाच्या पगारातून महिन्याला सहा पेन्स कापायचे आणि जखमी, अपंग झालेल्यांना त्यातून निर्वाह द्यायचा, अशी ती व्यवस्था. पैसे ठेवायला भक्कम लोखंडी पेटी होती. तिला एकाहून अधिक कुलपे आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे कोणा एकट्याला ती उघडता येऊ नये. लोकांच्या पैशावर पहारा कसा ठेवावा हे त्या माणसांना पक्के कळले होते. मात्र हा पैसा खलाशांचाच होता. समाजाने अजून खिशात हात घातला नव्हता.

आपल्याकडे हा भार राज्याने उचलला. मराठेशाहीत लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ नेमून दिली जाई. कर्ता गेला तरी त्याची पोरे उघड्यावर पडू नयेत, ही जबाबदारी सरकारदप्तरी मान्य होती.

सर्वसामान्य माणूस या व्यवहारात आला तो पहिल्या महायुद्धानंतर. फ्रान्स-बेल्जियमच्या युद्धभूमीवर उगवणारे लाल पॉपीचे फूल स्मरणचिन्ह व्हावे, ही कल्पना मोइना मायकेल या अमेरिकन बाईंची. अ‍ॅना गेरँ या फ्रेंच बाईंनी ती युरोपात रुजवली आणि 1921 मध्ये ब्रिटिश लीजनने 11 नोव्हेंबरला कापडी पॉपी विकून पैसा उभा केला. पुढच्याच वर्षी अपंग माजी सैनिकांच्या हातची पॉपी बनवणारा कारखाना निघाला. फूल घ्या, छातीला लावा, पैसे द्या: ध्वजदिनाची रीत इथे तयार झाली.

हिंदुस्थानातही पॉपी विकली जाई आणि लोक ती घेत. पण जमलेला पैसा फक्त इथल्या माजी सैनिकांवर खर्च व्हावा, असे बंधन नव्हते. हा सल एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. सिलोनमध्ये 1931 पासून त्याच 11 नोव्हेंबरला पॉपीऐवजी स्थानिक सूर्या फूल विकण्याची चळवळ उभी राहिली. तिथल्या पैशावर तिथल्या माणसांचा हक्क, हे तिचे मूळ म्हणणे होते.

मुंबईच्या गोदीत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने फुटला. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ‘एचएमआयएस तलवार’ या प्रशिक्षण तळावर हिंदी नौसैनिकांनी संप पुकारला आणि बघता बघता तो जहाजाजहाजांवर पसरला. निकृष्ट अन्न, अपमानाची वागणूक, गोऱ्या खलाशांपेक्षा कमी पगार ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या मागण्यांत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. युद्ध संपले होते, हजारोंना घरी पाठवायचे होते; सुटका लवकर करा आणि पुढे पोटापाण्याची सोय लावा, असे हे तरुण म्हणत होते. पुनर्वसनाची मागणी स्वतंत्र भारताच्या आधीच आपल्या नौसैनिकांनी, आणि तीही मुंबईच्या किनाऱ्यावर, मांडली होती. ध्वजदिनाच्या इतिहासात तिला जागा मिळायला हवी.

स्वातंत्र्य आले आणि पॉपीचे दिवस संपले. जुलै 1948 मध्ये मंत्रिमंडळाच्या संरक्षण समितीने स्वतःचा ध्वजदिन सुरू करण्याचे ठरवले. 28 ऑगस्ट 1949 रोजी संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 7 डिसेंबर ही तारीख निश्चित केली. सरदार बलदेवसिंग तेव्हा संरक्षणमंत्री होते. उद्दिष्टे तीन ठरली: युद्धात हानी सोसलेल्यांचे पुनर्वसन, सेवेतल्या जवानांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे कल्याण, माजी सैनिकांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे कल्याण. फुलाची जागा तीन रंगांच्या झेंड्याने घेतली.

माजी सैनिकांचे प्रश्न पाहणाऱ्या मध्यवर्ती मंडळाचे नाव तेव्हा इंडियन सोल्जर्स बोर्ड होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातले, फक्त शिपायांचे. 1951 मध्ये त्यात नौसैनिक आणि वैमानिक जोडले गेले आणि 1975 मध्ये ते केंद्रीय सैनिक बोर्ड झाले. म्हणजे मंडळाच्या पाटीवर नौसैनिक येण्याआधीच ध्वजदिनाने त्याला आपल्यात घेतले होते.

या झेंड्याची खरी कसोटी 1971 साली, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात लागली. 4 डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर घाव घातला. त्याच दिवसाच्या आठवणीत आता नौसेना दिन साजरा होतो. त्या वर्षीचा ध्वजदिन भर युद्धात आला. त्यानंतर दोनच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवजवळ पाणबुडीच्या हल्ल्यात ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. जमिनीवरच्या लढाईत पडलेल्या जवानाचा निदान देह तरी आपल्या माणसांच्या हाती लागू शकतो. खुकरीवरच्या बहुतेकांना समुद्रानेच पोटात घेतले. अशा घराला पेन्शनच्या कागदांइतकीच कोणीतरी दारात येऊन विचारपूस करण्याची गरज असते.

पुढे अनेक लहानमोठे निधी तयार होत गेले आणि अर्जदाराला कोणत्या दारात जावे हेच कळेना, अशी स्थिती येणे स्वाभाविक होते. 1993 मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धपीडितांसाठीचा विशेष निधी, ध्वजदिन निधी, अंध सैनिकांच्या सेंट डन्स्टन्ससह केंद्रीय बोर्डाचा निधी आणि गोरखा माजी सैनिकांचा निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी उभा केला. त्याची मदत संस्थांनाही जाते. नगरकरांना जवळची त्यातली एक म्हणजे पुण्याजवळचे खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, 1974 पासून कमरेखाली अधू झालेल्या जवानांना सांभाळणारे.

जिल्ह्यात या कामाची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे असते. 7 डिसेंबरला संकलनाचा शुभारंभ होतो, वीरमाता, वीरपिता आणि वीरनारींचा सत्कार होतो आणि मग खातेनिहाय उद्दिष्टे ठरून वर्षभर निधी जमत राहतो. शाळा आणि सरकारी कर्मचारी यांचा वाटा त्यात मोठा. सत्कारापेक्षा महत्त्वाचे काम मात्र कार्यालयातल्या टेबलावर चालते. तिथला कल्याण संघटक डिस्चार्ज बुक उघडतो, पत्नीचे आणि मुलांचे नाव नोंदीत आहे का ते पाहतो, नावातली एका अक्षराची चूक दुरुस्त करून घेतो. या एका अक्षरापायी विधवेची मदत अडून राहू शकते. 2022 मध्ये जिल्हा प्रशासनाने ‘अमृत जवान सन्मान अभियान’ चालवले, तेही याच जातीच्या कामासाठी: वारसनोंदी, सातबारा, शेतरस्ते, दाखले. मुलगा दूर जहाजावर असताना बांधावरचा वाद म्हाताऱ्या आईबापांनी एकट्यांनी लढायचा, हे दुखणे कोणत्याही देणगीने बरे होत नाही. त्याला तहसीलदाराने लक्ष घालावे लागते.

नौसैनिकाची आणखी एक अडचण वयाची. पंधरा वर्षांची सेवा करून बाहेर पडणारा माणूस पस्तिशीच्या आतबाहेर असतो. पोरे शाळेत, आईवडील थकलेले आणि हातात जहाजाच्या इंजिनाचे किंवा रडारचे कसब, ज्याला तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक नाही. पेन्शनपात्र सेवा पुरी होण्याआधीच बाहेर पडलेल्याला तर पेन्शनचाही आधार नसतो. ध्वजदिन निधीतली वृद्धापकाळची मदत नेमकी अशांसाठी आहे: पेन्शन नसलेले, पासष्ट ओलांडलेले, हवालदार किंवा नौदलातल्या पेटी ऑफिसर हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा. ही मदत वर्षानुवर्षे दरमहा 4,000 रुपये होती. 1 नोव्हेंबर 2025 पासून ती 8,000 झाली. मुलांच्या शिक्षणासाठीचे दरमहा 1,000 रुपये 2,000 झाले आणि मुलींच्या लग्नासाठीचे 50,000 रुपये एक लाख. ही वाढ व्हायलाच हवी होती. खरे तर ती आधी व्हायला हवी होती. तिचा वर्षाचा सुमारे 257 कोटींचा भार याच निधीवर आहे.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो, कागदपत्रांची पडताळणी जिल्हा कार्यालय करते आणि शिफारस होऊन तो पुढे जातो. एखाद्या वाडीवरच्या सत्तरीच्या बाईला हे एकटीने जमणे अवघड. तिच्या धन्याने नौदलात काढलेली वर्षे गावाला ठाऊक असतात. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन नाव नोंदवून देणारा पुतण्या, शिक्षक किंवा ग्रामसेवक गावातच असतो. कार्यालयाच्या पाटीवर ‘सैनिक’ हा शब्द आहे, आणि झेंड्यावरचे तिन्ही रंग त्यात येतात, हे त्याने तिला सांगायला हवे.